दोन घमेल्यांमधली कोंबडी

होळी झाली की नगरचं ऊन एकदम वयात येतं. सकाळी आठला गच्चीवर धुणं वाळत घालावं आणि दहाला काढायला जावं, तर तारच हाताला चटका देते. दुपारी रस्ते ओस पडतात, आणि आमच्या सावेडीच्या कॉलनीतली कुत्री गाड्यांच्या खाली जाऊन पडतात. नेमक्या याच दिवसांत माझ्या सुनेला कोंबडी भाजायची लहर येते. रविवारी ती अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये ठेवते, काचेच्या दारामागे पिवळा दिवा लागतो, आणि नातू खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसावं तसा त्याच्यासमोर बसतो. घरभर लसणाचा आणि मिरीचा वास सुटतो. त्या वासानं मी दचकते. वासानं दचकणारं माणूस सुनेनं पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा तिला वाटलं की काहीतरी करपलंय.

लोक त्याला बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. मला आठवतो तो मात्र त्र्याहत्तरचा उन्हाळा. आमचं गाव खर्ड्यापासून दीडेक कोसावर. शेताच्या बांधावर उभं राहिलं की किल्ल्याचा तट दिसायचा, आणि त्या वर्षी मधे झाडपाला उरलाच नव्हता म्हणून जरा जास्तच जवळ दिसायचा. विहिरीचा तळ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तळाशी चिखलात एक पितळी कळशी रुतलेली होती, दोन पोहरे होते आणि कुणाची तरी लहान मुलाची चप्पल. गायबैल छावणीला गेले होते. गोठा इतका स्वच्छ झाडलेला होता की मला तिथं जायची भीती वाटायची.

रेशनवर मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात बसायची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं बायकांना सुकडी, म्हणजे भाजल्या पिठाचा गोड खाऊ, देत; आई ती पदराला बांधून घरी आणायची. माझी आई देवमाणूस वगैरे नव्हती. त्या सुकडीवरून मी आणि माझा भाऊ भांडलो, की दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालून ती आमच्यासमोर सगळी सुकडी स्वतः खाऊन टाकायची आणि वर पाणी प्यायची. तिला सहावा महिना होता.

इथं मला आमच्याकडच्या कोंबडीबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या भागात कोंबडी म्हणजे रस्सा. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचा मसाला, घालून केलेला, वर तवंग आलेला, नाकातून पाणी काढणारा. एका कोंबडीत पंधरा माणसं जेवायची, आणि अचानक दोन पाहुणे आले तर काकी एक तांब्या पाणी ओतून सतरा जेवू घालायची. फोडी मोजक्याच असायच्या. त्या आधी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जायच्या. मागून बायका बसायच्या, तेव्हा पातेल्यात रस्सा असायचा आणि पळीला चुकून लागलंच तर मानेचं एखादं हाड. पण रस्सा लाल असतो आणि दाट असतो. त्याच्या खाली काय आहे आणि काय नाही, हे बाहेर बसलेल्या कुणाला दिसत नाही. आई आणि काकी आत भाकरी कुस्करून भुरके मारत असायच्या, आणि आम्हाला वाटायचं की घरात सगळ्यांनी कोंबडी खाल्ली.

माझा बबनमामा भिंगारला लष्कराच्या एका मेसमध्ये स्वयंपाकी होता. आईपेक्षा सहा वर्षांनी लहान, अंगानं बारीक, आणि मेसमध्ये राहून राहून त्याला भांडी नको इतकी स्वच्छ घासायची सवय लागलेली. फाल्गुनात तो एका सुट्टीच्या दिवशी आईला भेटायला आला. घरात सासऱ्याच्या कानावर जाईल असं मनातलं काही बोलायचं नसतं, म्हणून भावाबहिणीचं बोलणं झालं ते टँकरच्या रांगेत. मी तिथंच पालथ्या हंड्यावर बसले होते.

"बबन, कोंबडी खावीशी वाटायलीय रे," आई म्हणाली. "डोहाळे म्हण, न्हाईतर हावरटपणा म्हण. पर रस्सा नगं. रस्सा खाऊन खाऊन जीव इटला. फोड पायजे. दाताखाली यील आशी."

मामा विचारात पडला आणि मग त्याचा चेहराच उजळला. "मग मी करतो की, आक्का. मेसात सायबाला करतो तशी. आख्खी भाजायची. रोस्ट म्हंत्यात. त्यात रस्साच नसतो."

"रस्साच नसतो?"

"थेंब न्हाई. समदं मासच."

आईनं डोळे मिटून एक आवंढा गिळला. तो आवंढा मी पाहिला. ते बोलणंही मी सगळं ऐकलं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहू नये.

चैत्र लागल्यावर मामा पुन्हा आला. एसटीतून उतरला तेव्हा त्याच्या पिशवीत कागदाच्या पुडीत मिरी होती, लोण्याची लहान डबी होती, दोन लिंबं होती आणि एक लांब पात्याची सुरी फडक्यात गुंडाळलेली. आता बहिणीच्या सासरी जाऊन "माझ्या बहिणीला खायला घालायचंय" असं भावानं म्हणायचं नसतं. तसं म्हणणं म्हणजे तुम्ही तिला उपाशी ठेवता असं म्हणणं. म्हणून मामा माझ्या आजोबांच्या पुढं, आबांच्या पुढं, हात जोडून बसला आणि म्हणाला, "आबा, सायबलोकाची चीज करून घालतो तुमाला. बगा तर खरं."

आबा खूश झाले. "करा की पाव्हणं," म्हणाले. "आमी बी बगू, सायेब काय खातो त्ये."

पांढरी तलंग होती आमची, अंड्यावर यायला टेकलेली. मुलाणीचाचांनी ती कापून दिली. पुढचं सगळं मामानं अंगणात केलं, कारण कोंबडी घरातल्या चुलीवर चढत नसे, तिच्यासाठी बाहेर तीन दगड वेगळे मांडलेले होते. मेसमध्ये भट्टी होती. इथं भट्टी कुठली? मामानं चहूकडे नजर फिरवली आणि आई कामावर नेत असे ते घमेलं उचललं. दुसरं शेजारून आणलं. राखेनं घासून घासून दोन्ही इतकी लख्ख केली, की काकी म्हणाली, "मुकादम वळखायचा न्हाई ह्यास्नी."

तिनं आणि मी तीन दगडांपाशी बसून सगळं पाहिलं. कोंबडी अख्खीच्या अख्खी, आतून धुतलेली, तिला बाहेरून आतून मीठ, मिरी, ठेचलेला लसूण, लिंबू आणि लोणी चोळलेलं. पाय सुतळीनं बांधले तेव्हा काकीला राहवलं नाही.

"हळद न्हाई?"

"न्हाई."

"तिखाट? येसर?"

"काय न्हाई, काकी."

"मग घातलं काय पाव्हण्यानं?" काकी माझ्याकडे बघून म्हणाली. तिला खरंच धक्का बसला होता.

खालच्या घमेल्यात वाळू, वाळूवर विटेचे तुकडे, त्यावर ताटली आणि ताटलीत कोंबडी. वर दुसरं घमेलं पालथं. कडेला ओली माती लिंपलेली, आणि त्या मातीसाठी आईनं भांडी विसळलेलं पाणी जपून ठेवलेलं होतं. खाली निखारे, वर निखारे. सव्वा तास मामानं कुणाला त्याला हात लावू दिला नाही. तो उकिडवा बसून निखारे असे मागेपुढे करत होता की जणू आत बाळ निजलंय. आई कामावरून आली, हातपाय धुतले, आणि घरात जाता जाता एकदा तिथं थांबली. मामानं वर पाहिलं. आई त्या दिवशी भाकरी थापताना काहीतरी गुणगुणत होती, आणि मिलोची एकही भाकरी तुटली नाही.

दिवेलागणीला वरचं घमेलं निघालं. तो रंग मला अजून सांगता येत नाही. गुळाच्या पाकाला येतो तसा काहीसा, आणि कातडीवर लोण्याचे बुडबुडे अजून फुटत होते. वास अंगणाबाहेर गेला असणार, कारण वाटेनं जाणारे दोघं उगाच थबकले.

ओसरीवर पुरुषांची पंगत बसली. आबा, माझे वडील तात्या, चुलते नाना आणि समोर आम्ही चार पोरं. मामा पाहुणा, त्यानं बसायला हवं होतं, पण कोंबडी कापायची कला त्याच्याकडंच, म्हणून तो परात घेऊन मधे बसला. त्याचं पान मांडलेलं तसंच राहिलं. आई आणि काकी आत चुलीशी.

मामाच्या हातून चूक झाली ती इथं, आणि ती चूक समजायला मला कितीतरी वर्षं लागली. त्यानं आयुष्यात शेकड्यानं कोंबड्या भाजल्या असतील. पण तो स्वयंपाकघरातला माणूस होता. कोंबडी ताटावर चढली की वाढपी ती घेऊन दाराआड जायचा. त्या दाराआड ती कशी संपते, किती माणसांत किती पुरते, हे मामानं कधी पाहिलंच नव्हतं. रश्श्याच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला वाटतं, कोंबडी आहे म्हणजे सगळ्यांना पुरेल. भाजलेल्या कोंबडीत पाणी ओतता येत नाही.

त्यानं आबांना एक तंगडी दिली. तात्यांना छातीचा तुकडा, नानांना दुसरा. नानांनी अजून मागितला. पोरांना पंख, पाठ, जे निघेल ते. आबा मान हलवत म्हणाले, "वास येतो त्याच्यापरीस चव बेस हाय." पुन्हा वाढलं. मी पाहत होते, मामाची सुरी हळू व्हायला लागली होती. परातीत सांगाडा दिसू लागला, आणि तो पाहून त्याचा चेहरा उतरत गेला. दुसरी तंगडी मात्र त्यानं केव्हाच काढून परातीच्या कडेला, लसणाच्या पाकळ्यांच्या आड सरकवून ठेवली होती.

मला ती दिसली. ती कुणासाठी आहे हे मला ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, "मामा, ती मला."

मामाची सुरी थांबली. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. दहा वर्षांच्या भाचीला एक मोठा माणूस नजरेनं विनवत होता, आणि ते कळूनही मी ताट पुढं केलं.

"द्या की लेकराला," आबा म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले.

त्या ओसरीवर "ही आक्कासाठी ठेवलीय" हे तीन शब्दांचं वाक्यसुद्धा उच्चारता येत नव्हतं. सासऱ्यासमोर सुनेच्या जिभेचं नाव कोण काढणार? मामानं तंगडी माझ्या ताटात ठेवली. मी ती खाल्ली. हाड फोडून आतला मगजसुद्धा चोखला.

हात धुऊन मी आत गेले. परात आत आली होती. तिच्यात हाडं होती, सुतळी होती, आणि लोणी थिजायला लागलेलं. आईनं परात दिव्याजवळ ओढली, एक हाड उलटं केलं, दुसरं उलटं केलं. मला वाटलं ती रडणार. ती रडली नाही. दारात मामा येऊन उभा होता, त्याच्यावर ती दबक्या आवाजात कडाडली.

"धा मानसांच्या घरात कोंबडी भाजतं व्हय रं कुनी? रस्सा केला आसतास तर वाटीभर तरी आला आसता माज्या वाट्याला."

मामा उंबऱ्यावरच खाली बसला. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण त्याला कुणी उठवलं नाही.

काकी म्हणाली, "जाऊबाई, हाडं हायत. येसर घालून उकळी देते. भाईर दगडांत निखारं हायतच आजून."

"त्यांनी चोखलेली हाडं?" आई म्हणाली. "उष्टं खायची हौस न्हाई मला." आणि तिनं परात बाहेर ढकलली.

मग तिनं चटणी-भाकरी घेतली. दोन घास खाल्ले, आणि तिसरा घास हातात धरून माझ्याकडे वळली. तिचा आवाज आता अगदी साधा होता.

"सुमे, कशी लागली गं?"

मी सांगितलं. आता विचार करते तेव्हा अंगावर काटा येतो, पण मी सगळं सांगितलं. कातडी कशी कुडकुडीत होती, खाली मास कसं मऊ, मिरी कशी मागाहून लागते, लसूण कसा गोड झालेला. आई ऐकत होती आणि जेवत होती. मी थांबले की "मग?" म्हणायची. तिची भाकरी संपेपर्यंत मी बोलत होते. मामा उंबऱ्यावर बसून तोंडाला गमछा लावून रडत होता, आणि मला वाटत होतं की त्याला धूर लागलाय.

पुढं मी नर्स झाले. नोकरीची तीस वर्षं मी गरोदर बायांना काय खावं हे सांगण्यात घालवली. अंडं खा, पालेभाजी खा, जमलं तर मटण-कोंबडी खा. तक्त्यावर चित्रं असायची, मी छडीनं दाखवायची. समोरच्या बाया मान हलवायच्या. त्यांतली एखादी अशी बघायची, की मला पुढचं वाक्य आठवायचं नाही. तिच्या घरी पंगत कशी बसते हे विचारायचं मला कधी सुचलं नाही, आणि एकदा सुचलं तेव्हा विचारायचा धीर झाला नाही.

तात्यांना मात्र मी विचारलं होतं. ते थकले होते, अंगणात बाजेवर पडून असायचे. मी तो सगळा प्रसंग सांगितला. ते उठून बसले. "तिनं खाल्ली नव्हती?" त्यांच्या आवाजात खरोखरचा धक्का होता. "मला वाटलं आत ठिवली आसंल की तिच्यापुरती." त्या ओसरीवर कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की आत ठेवली असेल. मला तेवढंही म्हणता येत नाही, मला माहीत होतं.

त्याच वर्षी आषाढात आईला मुलगी झाली, माझी धाकटी बहीण, अशक्त पण जगली. दिवाळीनंतर गावात सप्ताह बसला आणि शेवटच्या दिवशी आईनं महाराजांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली. माळ घातली म्हणजे मटणमच्छी कायमचं बंद. घरात सगळ्यांना मोठं कौतुक वाटलं. एवढ्या तरण्या वयात, म्हणून बायका पाया पडून गेल्या. आबांनी तर तिच्यासाठी वेगळं पातेलं आणलं, वेगळी पळी आणली, आणि घरात रस्सा शिजेल त्या दिवशी तिचं पिठलं आधी व्हावं असं काकीला बजावलं. तिच्या जिभेची एवढी काळजी घरानं त्यापूर्वी कधी घेतली नव्हती. पुढं पन्नास वर्षं ती रोज हरिपाठ म्हणायची, मनापासून म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं.

शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडे होती. असाच होळीनंतरचा रविवार, सुनेनं कोंबडी भाजलेली, टेबलावर सगळे, आणि आईसमोर पिठल्याची वाटी. ऐंशी ओलांडलेली, दात गेलेले, पण नाक शाबूत. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "मिरी घातलीय. बबन आशीच घालायचा." मामा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. मला एकाएकी विचारावंसं वाटलं, आणि मी विचारलं, की आई, तू एवढ्या लवकर माळ का घातलीस.

मला वाटलं ती देवाचं काहीतरी सांगेल. तिनं आधी घास गिळला. मग पाऊस कधी पडला होता हे सांगावं, इतक्या सहज म्हणाली, "माळ घातली की कुनी वाढलं न्हाई तरी वाईट वाटत न्हाई. आपुनच नगं म्हनलंय, आसं हुतं."

सुनेच्या हातात वाढायचा चमचा तसाच राहिला. पन्नास वर्षं आम्ही तिच्यासाठी वेगळं पिठलं करत होतो, आणि ते करताना आम्हाला आमचाच अभिमान वाटत होता.